सायीच्या रंगाची अक्षरं

१

डब्याचं झाकण थरथरलं आणि दुपारची शांतता तडकली.

बटणला झोपवून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. फोनचा आवाज पोरीच्या कानावर पडू नये म्हणून आईने तो बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. पण फोन गुरगुरला तसा डबाच ओट्यावर नाचायला लागला. करायला गेली एक आणि झालं भलतंच! तिने झडप घालून फोन काढला. आतल्या खोलीत पोरीने कूस बदलली, ओठ चघळले आणि सुदैवाने पुन्हा झोपली.

"अगं, आपलं दुकान गेलं," पलीकडून मामी म्हणाली.

"गेलं? म्हणजे आग लागली?"

"दुकान आहे गं जागेवर. ते तुझं कॉम्प्युटरातलं गेलं. आज एक गृहस्थ आले. म्हणाले, सर्चमध्ये तुमचं नाव टाकलं तर काही दिसेना, वाटलं म्हातारा गेला असेल. माझ्या तोंडावर म्हणाले!"

मामा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. अडतीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. सहा वर्षांपूर्वी, बटणच्या जन्माआधी, भाचीने त्याच्यासाठी साइट बनवली होती. एक मशीन, एक पान: कुठलं मशीन, काय दुखणं, काय इलाज, आणि बाण काढलेले फोटो. अशी दोनशे अकरा पानं. कुणाच्या आजीचं मशीन माळ्यावरून उतरायचं, अडायचं. घरातलं कुणीतरी सर्चमध्ये ते दुखणं लिहायचं आणि नेमकं मामाच्या पानावर येऊन पडायचं. मग लांबलांबून खोकी यायची.

"तीन आठवडे एक खोकं नाही," मामी म्हणाली. "तुझे मामा म्हणतात, एकतीस तारखेला किल्ली घरमालकाला परत. मशीनं भंगारात."

"मामाला फोन दे."

"ते बोलायचे नाहीत. कानात ते फोनचं बोंडुक घालून बसलेत." मामीचा आवाज जरा खाली आला. "त्या साइटची किल्ली तुझ्याकडेच ना गं? चुकून काही दाबलं बिबलंस का?"

एकतीसला सतरा दिवस होते. आणि पहिला संशय तिच्यावरच होता.

२

बटणची आई पोटापाण्यासाठी लोकांच्या साइटी दुरुस्त करायची. मामा मशीनचा डॉक्टर, भाची साइटींची. फरक इतकाच की मामाचा दवाखाना दिवसभर उघडा आणि हिचा बटणच्या झोपेपुरता.

साइटच्या नावाने एक टपालपेटी होती, ती कुणीच उघडत नसे. तीत पंचवीस दिवसांपूर्वीची नोटीस पडली होती. सर्चवाल्यांनी साइटला दंड केला होता. दंड पैशांचा नाही, वाळीत टाकण्याचा. कारण दोन ओळींत होतं: *वाचणाऱ्यांपासून लपवलेला मजकूर, एकाच शब्दाची भरताड.*

या धंद्यातली ही जुनी लबाडी. माणसाला एक दाखवायचं आणि सर्चच्या यंत्राला दुसरंच. पानाच्या रंगातच अक्षरं लिहायची, म्हणजे माणसाला कोरं दिसतं आणि यंत्राला ढीगभर शब्द मिळतात. पण मामाच्या साइटवर?

तिने पहिलं पान उघडलं. काळ्या हातमशीनचं. फोटो, बाण, 'इथे बघा', 'इथे दाबा'. सगळं तिने लिहिलं तसंच, स्वच्छ. फोटोखाली मात्र चारेक बोटं कोरी जागा होती, ती काही तिला आठवेना.

त्या कोऱ्या जागेवरून तिने बोट ओढलं. निळी पट्टी पसरली आणि पट्टीत मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं उगवली.

*काळं हातमशीन. अंगठा चाकाकडे सरकवा. काळं हातमशीन. दोन पेरांवर गार स्क्रू लागेल, तो सोडा. काळं हातमशीन. त्याच्या सुईकडे दुसरा आहे, खरखरीत डोक्याचा, तो अर्धा फिरवा. काळं हातमशीन…*

एका पानात सतरा वेळा 'काळं हातमशीन'. पुढचं पान, त्याच्या पुढचं, सगळीकडे तेच. एकशे चाळीस पानांवर कुणीतरी गुपचूप लिहून ठेवलं होतं.

साइट पानांच्या जुन्या आवृत्त्या तारीखवार जपून ठेवायची. तिने पहिली तारीख काढली. चौदा महिन्यांपूर्वीची. आणि वेळ? दुपारचे दोन ते चार. प्रत्येक वेळी दोन ते चार.

त्या वेळेला मामाचं दुकान बंद असायचं.

"आई," पाठीमागून आवाज आला. बटण गादीवर बसली होती, केस उभे. "ती अक्षरं लपाछपी खेळतात?"

३

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळीच दोघी हजर झाल्या. मागच्या बोळातून येताना तिने पाहिलं, दुकानाच्या मागल्या दारातून एक माणूस सटकला. पाठ ओळखीची होती. शिष्योत्तम!

हे नाव मामीने ठेवलेलं, आणि दात ओठ खाऊनच ठेवलेलं. नऊ वर्षं मामाच्या हाताखाली शिकला आणि तीन वर्षांपूर्वी बरोबर समोर नव्या मशीनचं चकचकीत दुकान टाकून बसला. तो इथे मागल्या दाराने काय करत होता?

आत मामा मशीनवर वाकला होता. कानात बोंडुक. दिवा बंद.

बटण टुणकन उडी मारून त्याच्या समोर उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून. मामाने मान वर केली नाही.

"मामा," भाची म्हणाली.

लगेच चेहरा उजळला. "आली का माझी भाची! आणि माझं बटण कुठंय?"

"इथे!" बटण किंचाळली. "तुमच्या नाकासमोर!"

"हो का? मला वाटलं ढेबरी चिमणी आली."

पोर खिदळली. तिने आणलेलं चित्र त्याच्या हातात कोंबलं. मामाने कागद लांब धरला, मान तिरकी केली. "वा! वा!"

"मामाआजोबा, उलटं धरलंत!"

"चित्राची परीक्षा उलटं धरूनच करतात. सुलटं तर कुणीही बघेल."

भाचीही हसली. मामाकडे हजरजबाबीपणा कधी उधार नव्हता. "दिवा तरी लाव रे, मामा."

"उकडतं त्याने. तू ये इकडे, हे ऐक." त्याने मशीनचं चाक हलकेच फिरवलं. एक फेरी, दोन, तीन. "तिसऱ्या फेरीला कुचकतंय. ऐकलंस?"

तिला फक्त खडखड ऐकू आली.

"दाताचा टवका उडालाय. खालच्या चाकाचा, अगदी आतल्या." त्याची बोटं मशीनच्या पोटात गेली, जशी आईची बोटं झोपलेल्या बाळाच्या कुशीखाली जातात, आणि दोन मिनिटांत एक इवलं चाक घेऊन बाहेर आली. खरंच, एका दाताचा टवका गेलेला. तिने लहानपणापासून हे पाहिलं होतं, तरी आजही तिच्या तोंडून "बाप रे" निघालंच.

मग तिने आजूबाजूला नजर फिरवली. भिंतीवर तारखांचा तक्ता, आणि त्याच्या कडेला तिच्याच अक्षरात साइटचा पासवर्ड. सहा वर्षं उघडावाघडा. आलेला गेलेला कुणीही वाचावा! फळीवर सुट्या भागांचे डबे ओळीने होते. त्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. त्या जागी प्रत्येक झाकणाच्या कडीला जाड दोरा बांधलेला: एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

"मामा, पासवर्ड कुणाकुणाला दिलास?"

"त्या हमीवाल्याला आठवडाभर दिला होता. तीस दिवसांत सर्चमध्ये पहिल्या नंबरवर आणायची हमी देतो म्हणाला. मी म्हटलं, बाबा, मशीनला तेल लागतं, शेंदूर फासून ते शिवत नाही. हाकलला त्याला."

"आणि शिष्योत्तम? तो आत्ता आला होता ना?"

मामाचे हात थांबले.

"नाही," तो म्हणाला. "इथे कुणी आलं नव्हतं."

मामा आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलला होता.

४

हमीवाल्याचं ऑफिस काचेचं होतं. त्यात एक प्लास्टिकचं झाड आणि भिंतीवर त्याचाच हसरा फोटो. बटणला त्याने फिरती खुर्ची दिली, तेवढ्यावर भाचीने त्याचे अर्धे गुन्हे मनातल्या मनात माफ केले.

तिने लॅपटॉप पुढे सरकवला. "हे तुमचं काम?"

त्याने वाचलं आणि त्याला खरोखरच लागलं. "मॅडम, चोर म्हणा, चालेल. पण अडाणी चोर म्हणू नका! असली लबाडी आमचे गुरुजी करायचे, त्यांच्या तरुणपणी. आता यंत्र एका झटक्यात पकडतं. हे कोण करेल?"

"पण कुणीतरी केलंय."

"मी पाच महिन्यांपूर्वी आलो. हे चौदा महिन्यांपूर्वी सुरू झालंय." तो पुढे झुकला. आता त्याला गंमत वाटायला लागली होती. "आणि बघा, यात विकाऊ शब्दच नाही. 'स्वस्त' नाही, 'उत्तम' नाही, 'तुमच्या जवळ' नाही. दुकानाचा पत्तासुद्धा नाही! लपवून लिहायचं आणि विकायचं काहीच नाही? असा कसला स्पॅम?"

"मग हे नाव सतरा वेळा कशाला?"

"तेच कळत नाही. अजून एक. तुमचं पान पांढरं नाहीये."

"नाही. सायीच्या रंगाचं. मीच निवडला होता, डोळ्यांना बरा म्हणून."

"आमच्यातला कुणी असता तर सरळ पांढरा मारून मोकळा झाला असता. जवळपास जमलं की झालं, कोण बघतंय? इथे अक्षरं नेमकी त्याच सायीच्या रंगाची आहेत. एका छटेचाही फरक नाही. कुणीतरी बसून एकेक रंग लावून बघितलाय." त्याने खुर्चीला पाठ टेकली. त्याच्या आवाजात आदर होता. "मॅडम, हे काम चोराचं नाही. कारागिराचं आहे."

कारागीर! म्हणजे मशीनच्या पोटातलं इतकं जाणणारा. मामा सोडला तर असा एकच माणूस होता, आणि तो मागल्या दाराने सटकला होता.

५

"ताई, मला ते कॉम्प्युटरचं काही येत नाही," शिष्योत्तम म्हणाला. त्याच्या दुकानातली नवी मशीनं बिस्किटांसारखी रांगेत मांडलेली. "बिल करायला पोरगी ठेवलीय."

"सकाळी मागल्या दाराने काय करत होतात?"

तो एका मशीनवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

"मामा खोटं बोलला तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नाही, ताई." एवढंच बोलून त्याने जीभ चावली. मग खिशातून रुमाल काढायला गेला तर रुमालाबरोबर जाड दोऱ्याचा गुंडा बाहेर आला आणि जमिनीवर घरंगळला. बटणने तो पकडून आणला. गाठी मारायला घेतलेला दोरा होता. एक गाठ, दोन गाठी, तीन.

"उस्तादांनी मला नऊ वर्षं पोटच्या पोरासारखं शिकवलं," तो खाली मान घालून म्हणाला. "लोक म्हणतात मी त्यांच्यावर उलटलो. म्हणू देत. तुम्ही मला आणखी विचारू नका. मी शब्द दिलाय."

तिथून ती मामीकडे गेली. डोक्यात नुसता गुंता. मामीने बटणला पाणी पाजलं, हिला चहा टाकला आणि लपवलेल्या मजकुराचं ऐकताच तोंडाचा पट्टा सोडला. "त्या शिष्योत्तमाचंच काम असणार. मला विचारशील तर मला त्या साइटमधलं ओ की ठो कळत नाही. दुपारी दोन ते चार मी गाढ झोपलेली असते."

भाचीने मान वर केली. वेळ कुठली ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मामी, साखर कुठंय?"

"त्या फळीवर. अगं तो नाही, तो मिठाचा! त्याच्या सुईकडचा डबा."

"कुठला?"

"सुईकडचा गं. चाकाकडे डाळी आहेत." मामी हसली. "तीस वर्षं मशीनवर बसले, मला डावं उजवं कधी आलंच नाही."

भाचीचा चमचा कपातच थांबला.

६

दुसऱ्या दिवशी बटण झोपल्यावर तिने डब्यात फोन ठेवला नाही, बंदच केला. आणि कपड्यांच्या घड्या घालत विचार करायला बसली. मोजे जोडीने लागतात तशा गोष्टी जोडीने लागायला लागल्या.

मजकूर मामीने लिहिला, हे उघड होतं. 'चाकाकडे', 'सुईकडे', पेरांची मापं. मामी जन्मभर शिंपीण होती. आणि तो सायीचा रंग! शिंपीण कापडाला दोरा कसा जुळवते? अंदाजे नाही. एकेक रीळ कापडावर ठेवून, दोरा दिसेनासा होईपर्यंत. मामी नेहमी म्हणायची, चांगला टाका दिसत नाही.

पण कशासाठी? सर्चला फसवायला नाही, त्यातलं तिला काही कळतच नव्हतं. मग कोण वाचणार होतं हे? जे डोळ्यांनी दिसतच नाही ते कुणासाठी लिहितात?

तिच्या हातात बटणचा एक मोजा राहिला.

जो डोळ्यांनी वाचत नाही, त्याच्यासाठी.

मग एकदम सगळं तिच्यापुढे आलं. बंद दिवा. कानातलं बोंडुक. उलटं धरलेलं चित्र. नाकासमोर उभी असलेली पोर, आणि 'माझं बटण कुठंय'. चिठ्ठ्या गेलेले डबे आणि बोटांनी मोजायच्या गाठी. रोज दुकान उघडायच्या आधी मागल्या दाराने येऊन नवे सुटे भाग ओळखून डब्यांत लावणारा, लोकांच्या शिव्या खाणारा शिष्योत्तम.

तिने साइट उघडली. फोनला पान वाचायला सांगितलं आणि डोळे मिटले. फोनमधली बाई तिने स्वतः लिहिलेलं वाचत गेली: "इथे बघा. फोटो. इथे दाबा. फोटो. इथे बघा. फोटो."

तिने एवढ्या हौसेने केलेल्या दोनशे अकरा पानांत आंधळ्या माणसासाठी अवाक्षर नव्हतं. फोटोमागे त्याचं वर्णन लिहायची सोय असते. तिला ती माहीत होती. कंटाळा करून तिने सगळीकडे ती कोरी सोडली होती.

मामीने त्या कोऱ्या जागा भरल्या होत्या.

७

शनिवारी दुपारी दोन वाजता तिने सगळ्यांना दुकानात बोलावलं. हमीवाला उत्साहाने आला, शिष्योत्तम नाइलाजाने. मामी पदराचं टोक पिळत उभी होती. मामा त्याच्या स्टुलावर. बटण खाली बसून रिळांचा मनोरा रचत होती.

"हमीवाल्यांनी केलं नाही," भाची म्हणाली. "ते यायच्या नऊ महिने आधी सुरू झालं होतं."

"धन्यवाद," हमीवाला म्हणाला आणि कॉलर सारखी केली.

"यांनीही नाही. यांना साइट उघडता येत नाही. आणि यांच्याइतकं या दुकानासाठी बाहेरच्या कुणी केलेलं नाही."

मामीने शिष्योत्तमाकडे चमकून पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"एक नाव पुन्हा पुन्हा लिहिलंय. सर्चला भुलवायला नाही. हात तेलाचे असतात, ऐकता ऐकता मध्येच थांबवावं लागतं. पुन्हा सुरू केलं की आपण कुठल्या मशीनमध्ये आहोत हे कळायला हवं. म्हणून दर वाक्याआधी नाव. आणि हे लिहिणारी व्यक्ती…"

ती थांबली. वाक्य जिभेवर तयार होतं, पण पुढचं गुपित तिचं नव्हतं. उकल सापडली म्हणून चारचौघांत ती दुसऱ्याच्या घराची कडी काढू शकत नव्हती. दुकानात फक्त रिळावर रीळ ठेवल्याचा आवाज.

"थांब, पोरी," मामा म्हणाला. त्याने कानातलं बोंडुक काढून टेबलावर ठेवलं. "पुढचं मी सांगतो. मला दिसत नाही."

हमीवाल्याचं तोंड उघडं राहिलं.

"अडीच वर्षं झाली. आधी कडा गेल्या, मग मधलं. आता उजेड कळतो, बस. डॉक्टर म्हणाले, यायचं नाही. मी म्हटलं, हात आहेत ना? पण गिऱ्हाइकाला कळलं तर मशीन कोण देईल? म्हणून हे सोंग." तो समोर बघत होता, जिथे कुणीच उभं नव्हतं. "दोनशे मशीनं डोक्यात राहत नाहीत गं. माझीच वही मला वाचता येईना. मग ही रोज दुपारी एकेक मशीन घरी मांडायची, स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधायची, बोटांनी चाचपायची आणि जे हाताला लागलं तेच लिहायची."

"मामी, पट्टी बांधून?"

"नाहीतर कसं कळणार, काय लागतं ते?" मामी वसकन म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "तूच शिकवलं होतंस ना, फोटोखाली कसं लिहायचं. वर रंगांच्या चौकटी होत्या. म्हटलं, कुणाला दिसायला नको आणि यांना ऐकू यावं. फोनमधल्या बाईला कुठे रंग कळतो? मला काय माहीत, सर्चवाल्यांना टाका दिसतो म्हणून!"

"आणि डब्यांच्या गाठी?" हमीवाल्याने हळूच विचारलं.

मामीने शिष्योत्तमाकडे वळून पाहिलं. "मी समजत होते, तुझे उस्तादच बांधतात."

"उस्ताद शब्द घेतात, वहिनी," तो पुटपुटला. "तुम्ही मला शिव्या देत होता, तेच बरं होतं. संशय येत नव्हता कुणाला."

"मला जग दिसेना, तिथवर ठीक होतं," मामा म्हणाला. "पण परवा ते गृहस्थ आले आणि कळलं, आता जगालाही मी दिसेना. म्हणून म्हटलं, किल्ली देऊन टाकावी."

"मामा, किल्ली ठेव." तिने लॅपटॉप उघडला. "यात चोरी नाहीच. न बघता वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं सर्चला चालतं. फक्त लपवून, आणि एकच नाव शंभरदा घेऊन नाही. फोटोंची वर्णनं मी फोटोंमागे लिहीन, ती माझीच चूक आहे. नाव एकदाच, वर ठळक देईन. फोनमधली बाई तिथून पुन्हा सुरू करेल. आणि मामीचं लिखाण काळ्या अक्षरांत. सगळ्यांना दिसेल असं. वर लिहायचं: 'हातांनी कसं ओळखावं'."

"म्हणजे सगळ्यांना कळेल," मामा म्हणाला.

"कळेल. दंड उठवायच्या अर्जातही खरं तेच लिहावं लागेल."

मामाने समोरच्या मशीनचं चाक हलकेच फिरवलं. तिसऱ्या फेरीला आता काहीच कुचकत नव्हतं.

"मग त्या पानांवर आणखी एक घाल," तो शेवटी म्हणाला. "हिचं नाव लिही. टाका कुणी घातला, ते दिसू दे एकदा."

८

एकशे चाळीस पानं. बटणच्या झोपेच्या नऊ दुपारी. मामी फोनवर सांगायची, भाची दुरुस्त करायची. हमीवाल्याने पासवर्ड बदलला आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली करून दिली, फुकट. हमी मात्र दिली नाही. शिष्योत्तम पुढल्या दाराने यायला लागला आणि मामी त्याला चहा देताना सुईकडची खुर्ची द्यायला लागली.

अर्ज तिने एका पानात लिहिला. कुणाला दोष नाही, सबब नाही. काय होतं, का होतं, काय बदललं.

एकोणतीस तारखेला उत्तर आलं. दंड उठवला. तिने मामाचं नाव टाकलं आणि पान वर आलं, सायीच्या रंगाचं, त्यावर काळीभोर अक्षरं. त्या आठवड्यात चार खोकी आली. एकात चिठ्ठी होती, अंधुक माळ्यावर हातांनी मशीन सोडवलेल्या बाईची: फोटो कळले नाहीत, पण तुमच्या बायकोची बोटं कळली.

एकतीसला किल्ली मामाच्याच कमरेला होती. त्याने बटणला भिंतीला उभं केलं आणि वितीने मोजलं, पायापासून शेंडीपर्यंत. "पाच विती आणि तीन बोटं! भाची, हिला खायला काय घालतेस?"

परतताना बटण आपल्या इवल्या वितीने स्वतःला मोजत चालली होती. हातातलं चित्र तिने मामाआजोबांना दिलं नव्हतं. त्याऐवजी त्यांच्या तळहातावर बोटाने काढलं होतं. कोपऱ्यावर ती थांबली.

"आई, मामाआजोबांना दिसायचं तेव्हा मी एवढुशी होते ना?"

"हो."

"आणि आता मी पाच विती तीन बोटं."

"हो गं."

"मग त्यांच्या आतमध्ये मी आत्ता केवढी दिसते?"